ड्विंडल म्हणजे हळूहळू

मी शाळेत इंग्रजी शिकवते. ‘ड्विंडल’ आलं की फळ्यावर दरवर्षी तीच उदाहरणं: धरणातलं पाणी, वर्गातली हजेरी, आशा. हळूहळू कमी होत जाणं. एकदम संपलं तर हे क्रियापद चालत नाही. कुणी ‘आजोबा ड्विंडल झाले’ असं लिहिलं की मी लाल रेघ मारते. अरे बाबांनो, माणूस नाही ड्विंडल होत, त्याची भूक होते, ताकद होते.

माझ्या वडिलांची झाली. कात्रजच्या फ्लॅटमध्ये ते माझ्याकडेच होते. दोन पोळ्यांची एक झाली, एकीची अर्धी, मग चार चमचे मऊ भात. टोमणे तेवढे शाबूत. "बाबा, थोडं तरी खा हो," म्हटलं की म्हणायचे, "तू खा. तुला पेपर तपासायचेत."

अमेरिकेतल्या धाकट्या भावाला मी रोज सकाळी तब्येतीचा मेसेज करायची. इंग्रजीत, कारण त्याच्या बायकोमुलांना मराठी वाचता येत नाही.

त्या सोमवारी डॉक्टर घरी येऊन गेले. दाराशी चपला घालता घालता म्हणाले, "आठवडा निघेल असं वाटत नाही. ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलावून घ्या."

मी फोन घेतला आणि लिहिलं, बाबांची ताकद ड्विंडल होत चालली आहे. वाक्य अगदी बिनचूक होतं.

त्याचं लगेच उत्तर आलं. म्हणजे हळूहळूच ना? मग पुढच्या महिन्यात सुट्टी टाकतो. मी अंगठा पाठवला आणि भांडी घासायला घेतली.

बुधवारी बाबांनी विचारलं, "तो कधी येतोय?" म्हटलं, "येईल." गुरुवारी दुपारी ते गेले.

भाऊ शनिवारी पोचला. बॅग हातात तशीच. "ताई, तू तर हळूहळू म्हणाली होतीस गं." मी चहा टाकला. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. त्याला वाटतं, मलाही कल्पना नव्हती. डॉक्टर काय बोलले ते मी त्याला सांगितलेलं नाही.

इतकी वर्षं दर वेळी मी बोलवायचं, विनवण्या करायच्या, मग साहेब येणार. वैताग आला होता मला. या खेपेला न बोलावता येतो का, ते मला बघायचं होतं. बाबांच्या जिवावर बघत बसले.