नैवेद्याआधीची पोळी

"बोल, मोठ्यानं बोल. आत ठेवशील तर खात सुटशील," असं म्हणत काकू समोरच्याचा हात धरायच्या आणि तळव्याच्या कडेवर दोन बोटांनी टकटक करायला लागायच्या. मग भुवईवर, डोळ्याखाली, ओठाच्या वर, गळ्याखालच्या हाडावर. तुमच्याही कॉलनीत असेल अशी एखादी, हाती आलेली विद्या वाटून टाकल्याशिवाय जिला चैन पडत नाही.

काकू मूळच्या धारच्या. देवासला आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. मनावरचा ताण उतरवायचं हे टॅपिंग शिकल्या मोबाइलवर बघून, पण ऐट अशी की जणू घराण्यात चालत आलंय. एकदा भाजीवाल्यालासुद्धा म्हणाल्या, "भिया, टेन्शन है क्या? हाथ इधर लाओ." तो बिचारा तराजू धरून उभा.

मी हसायचे. मग माझ्यावरच वेळ आली. ह्यांच्या कारखान्यात माणसं कमी करायला लागले, घरात कोणी कोणाशी धड बोलेना, आणि मी ओट्यापाशी उभ्या उभ्या शेवेची पिशवी संपवायला लागले. भूक नसायची हो. हात थांबायचा नाही, एवढंच.

काकूंनी दुपारचं बोलावून घेतलं. "काय खाल्लंस ते राहू दे. खावंसं वाटतं तेव्हा मनात काय असतं, ते सांग." टकटक चालूच. आणि खरंच सांगते, रडू यायचं आणि शेव आठवायची नाही. एकदा त्याच भरात, ह्यांनाही सांगितलं नव्हतं ते बोलून गेले. नुकत्याच झालेल्या महालक्ष्म्यांना मी पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या, नैवेद्य दाखवायच्या आधी, सोवळ्यात, दार लोटून. जेवणाऱ्यांना पोळ्या कमी पडल्या, सासूबाईंनी शेजारून मागवल्या, आणि मी म्हटलं, कणीकच कमी भिजवली.

काकूंनी मला जवळ घेतलं. "गेलं बघ ते. संपलं."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळानं काकूंना बोलायला उभं केलं. "एक उदाहरण सांगते, नाव नाही घेत हं," म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. सोवळं, लोटलेलं दार, कमी पडलेल्या पोळ्या. कोणाकडे कमी पडल्या होत्या हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक! बायका हसल्या. पहिल्या रांगेतल्या सासूबाईंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. वाण घेतलं आणि उठल्या.

मी काकूंना जिन्यात गाठलं. "काकू, काय केलंत हे?"

"अगं, नाव कुठे घेतलं मी? चार जणींचं भलंच होईल ना!"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला त्याचीच जास्त चीड येते. मुद्दाम केलं असतं, तर कडकडून भांडता तरी आलं असतं.

पुढच्या महालक्ष्म्यांना सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी एकट्याच पुरण वाटत बसल्या. "तू बाहेरचं बघ," म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून तो स्वयंपाक माझा होता. मी अंगणात रांगोळी काढत होते, आणि घरातून पोळ्यांचा वास येत होता.

काकू आता धारला असतात, मुलाकडे. निरोप द्यायला सगळी कॉलनी गेली, मी गेले नाही. त्यांचा फोन येतो, मी उचलत नाही. त्यांच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलंय. तरी दुपारी जीव फार घाबरा झाला की पाय त्या गल्लीकडे वळतात, आणि कोपऱ्यावरून मी परत फिरते. हे सगळं सांगू तरी कोणाला? सांगावं असं माणूस मला एकच होतं.