वार्ताहर, नेरूळ

इरा, निहार, तुमचे आजोबा गेल्याची बातमी पेपरात आली ती मी दारातच वाचली. ‘ज्येष्ठ पत्रकार’ असं छापलं होतं. त्यांनी मला एकच गोष्ट बजावून ठेवली होती... ‘माझ्यामागे पत्रकार लिहू देऊ नकोस. मी वार्ताहर.’ मी तसंच लिहून दिलं होतं. पण पेपरच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. ‘आजी, वार्ताहर आता कोण म्हणतं? ज्येष्ठ पत्रकार करते, भारदस्त वाटतं.’ घर माणसांनी भरलेलं, मला धड ऐकूही येत नव्हतं. मी ‘बरं’ म्हणाले.

मी इंग्रजी शाळेतली. लग्नानंतर त्यांना चिडवायचे, ‘अहो, सरळ रिपोर्टर म्हणा ना!’ ते म्हणायचे, ‘पत्रकार मोठा शब्द आहे, त्यात मत देणारेही आले. वार्ताहर जिथे घडलं तिथे जातो आणि बातमी आणून देतो. मला तेवढंच येतं.’ त्यांच्या वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ असे. डावीकडे ‘पाहिले’, उजवीकडे ‘ऐकले’. ऐकलेलं स्वतः पाहिल्याशिवाय पेपरला पाठवायचं नाही. शेजारच्या शिरवणे गावात नळ कोरडे आहेत असं कळलं, तर तुमचे आजोबा तीन दिवस पाण्याच्या वेळेला त्या नळासमोर जाऊन उभे. बातमी छापली गेली, वर फक्त ‘वार्ताहर, नेरूळ’. पाणी आल्यावर तिथली एक मासळीवाली कोलंबी घेऊन आमच्या दारात हजर. ‘भाऊ, पानी आलं. पन तुजं नाव कुटं हाय यात?’

‘मावशी, तहान तुमची. माझं नाव कशाला?’

‘मंग ही कोलंबी काय त्या वार्ताहराला देऊ?’

आजोबा पोट धरून हसले, आणि कोलंबी परत पाठवली. मी दिवसभर धुसफुसत होते.

पेपरला मी दोनदा फोन केला. ‘छापून गेलं आजी, आता काय करणार?’ खरंच, काय करणार... तुम्हाला तरी कळावं म्हणून हे लिहिते आहे.

हॉस्पिटलमधून त्यांच्या पिशवीबरोबर वही परत आली. शेवटच्या पानावर वाकडीतिकडी रेघ आहे. उजवीकडे लिहिलंय, ‘डॉक्टर म्हणतात, दोन दिवसांत घरी.’ डावी बाजू कोरी. त्यांना जाताना पाहिलं ते मी. रोज पेन घेऊन त्या पानासमोर बसते... आणि वही मिटून ठेवते.