दुपारकर ऐकू येतात का?

दुपारकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं वेगळं होतं, पण ते पगाराच्या पाकिटावर आणि सासऱ्यांच्या तोंडी, तेवढंच. गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर दुपारचा कार्यक्रम ते इतकी वर्षं करत आले होते, की दुपार त्यांना चिकटली ती चिकटलीच.

देवाने त्यांना आवाज देताना हात सैल सोडला आणि शरीर देताना आखडता घेतला. आवाज ऐकून माणसाला वाटावं, हा गडी दारातून वाकूनच आत येत असणार. प्रत्यक्षात दुपारकर म्हणजे खुंटीला अडकवलेला कोट. त्यांच्या सासऱ्यांनी टेलिफोनवर आवाज ऐकूनच लग्नाला होकार दिला होता. मग जावई दारात उभा राहिला, तेव्हा ते बराच वेळ त्याच्या मागे बघत राहिले, अजून कोणी येतंय का म्हणून.

त्याआधी दुपारकर बस स्टँडवर गाड्या पुकारायचे. त्या पुकारण्यात असा काही रुबाब असे, की लोक चुकीच्या गाडीतसुद्धा आदराने चढत. तेव्हाच्या केंद्रप्रमुखांची एक गाडी ते पुकारणं ऐकता ऐकता चुकली आणि दुपारकरांचं नशीब उघडलं. चाचणीला त्यांच्या हातात पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना दिली. त्यांनी ती अशी वाचली, की साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. नळाला नाही आलं, तो भाग वेगळा.

तेव्हापासून गाणी, सूचना, हवामान आणि अधूनमधून किती वाजले ते, असा दुपारकरांचा संसार सुरू झाला. सगळं थेट. आधी बोलून ठेवायचं आणि मग लावायचं याचा त्यांना मनस्वी तिटकारा. "शिळं बोलणं मी कुणाला वाढत नाही," असं ते सांगत. सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या बाई, ज्यांना केंद्रात सगळे सकाळबाई म्हणत, त्या यावर म्हणायच्या, "ताजं असलं तरी रोज तेच वाढता ना?" या दोघांचं भांडण केंद्राच्या भिंतींइतकंच जुनं होतं, आणि भिंतींपेक्षा चांगल्या स्थितीत होतं.

आता स्वभाव. माणूस सोन्यासारखा, पण संशयी. डॉक्टर "काही नाही, बरे आहात" म्हणाले की यांना वाटायचं, सांगण्यासारखं नसणार. शेजाऱ्याने हसून नमस्कार केला की हे घरी येऊन आपली शिडी जागेवर आहे का बघत. तरी इतकी वर्षं एक गोष्ट त्यांच्या संशयातून सुटली होती, ती म्हणजे स्वतःचा आवाज. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, तेव्हा तीही सापडली.

झालं असं, की एका गुरुवारी दुपारकर मोठ्या थाटात म्हणाले, "आज शुक्रवार." चूक कळली तेव्हा पुढचं गाणं सुरू झालं होतं. ते टेलिफोनकडे बघत बसले. पूर्वी एखाद्या गायकाचं नाव चुकलं तरी गावातली निम्मी माणसं कान उपटायला फोन करायची. आज फोन गप्प. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम एकच सूचना लागोपाठ दोनदा वाचली. फोन गप्प. दुपारकरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि नुसती चुकचुकून थांबली नाही, तिने तिथे बिऱ्हाड केलं.

लोक ऐकत नाहीत हा संशय त्यांना झेपण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनी त्यातल्या त्यात बरा संशय निवडला: आपला आवाज बाहेर जातच नाही. आवाज हवेत सोडणारं यंत्र गावाबाहेरच्या टेकडीवर होतं. निवेदकाच्या कानातल्या हेडफोनला आवाज येतो तो समोरच्या टेबलातून, टेकडीवरून नव्हे. टेकडीवरचं यंत्र कोणी बंद ठेवलं, तर साऱ्या गावाला ते कळेल. कळणार नाही ते फक्त आत बसून बोलणाऱ्याला. आणि टेकडीवर रोज दुपारी कोण जायचं? इंजिनिअर. तोच, जो माणूस खोलीत असतानाही विजेची बचत म्हणून दिवा मालवायचा. "यंत्र बघून येतो," म्हणून जायचा आणि दुपार उलटल्यावर परत यायचा तो कसा, तर छान झोप झालेल्या माणसासारखा टवटवीत.

"यंत्र ठीक ना?" दुपारकरांनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ठणठणीत," इंजिनिअर म्हणाला. "का हो?"

ते "का हो" दुपारकरांना अजिबात आवडलं नाही.

मग त्यांनी घरी तपास सुरू केला.

"काय गं, आज ऐकलंस का?"

"ऐकलं की."

"काय म्हणालो मी?"

"नेहमीचंच," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

"दुसऱ्या गाण्यानंतर काय म्हणालो?"

बायकोने विळी थांबवली. "अहो, संसार करतेय मी तुमच्याशी, परीक्षेला नाही बसले."

झालं. दुपारकरांच्या लेखी बायकोही कटात सामील. मला वाईट वाटू नये म्हणून ही खोटं बोलते, ते रात्री छताला सांगत. पण मुद्दा असा होता, की खरं कळणार कसं? साऱ्या गावात दुपारचा कार्यक्रम ऐकू न शकणारा माणूस एकच होता, तो म्हणजे करणारा. त्या वेळी रस्त्यावर जाऊन रेडिओ ऐकायचा तर बोलणार कोण?

अखेर त्यांनी जन्माचं व्रत मोडलं. एका सकाळी रिकाम्या स्टुडिओत बसून उद्याचा सगळा कार्यक्रम आधीच बोलून ठेवला. काम चोख. कुठलं गाणं किती लांबीचं ते पाठ होतंच, त्यावरून हिशेब करून किती वाजले तेही जिथल्या तिथे सांगून टाकलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं, तरी सकाळबाईंना त्यांनी सांगितलं दाताचं.

"उद्या तेवढं हे लावा. दात काढायचाय."

"कुणाचा?" सकाळबाईंनी विचारलं. पण लावते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर टेकडीकडे गेला आणि दुपारकर बाजाराकडे. एका गल्लीत शिवणकामाचं दुकान होतं आणि कपाटावर रेडिओ. दुपारकरांनी पायरीवर कोटाचं एक बटण स्वतःच उपटलं आणि आत गेले. मशीनवर टेलरबाई, कोपऱ्यात तिचे म्हातारे सासरे डब्यातली बटणं वेगळी करत बसलेले. दुपारकरांनी कोट काढून बटणासकट पुढे केला. तोंड उघडलं नाही. आवाजाने घात केला असता.

"बसा," टेलरबाई म्हणाली. "लावून देते."

आणि कपाटावरून दुपारकरांचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, टेकडीवरून निघून थेट बटणाच्या डब्यावर येऊन पडलेला. यंत्र चालू होतं. आपण खरोखर बाहेर जातो. इंजिनिअर टेकडीवर झोपतो हा संशय त्यांनी राखून ठेवला, पण निदान यंत्र चालू ठेवून झोपतो, एवढं त्याच्या पदरात टाकलं. पाल अजून हलली नव्हती, कारण रेडिओ चालू असणं वेगळं आणि कोणी ऐकणं वेगळं.

रेडिओवरचे दुपारकर म्हणाले, "आता दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत." आणि गाणं लागलं.

मशीन थांबलं.

"बाबा," टेलरबाई सासऱ्यांना म्हणाली, "ऐकलंत?"

"ऐकलं," सासरे म्हणाले. "काही खरं नाही."

"मघाशीपण असंच केलं. मला वाटलं, मीच चुकले."

दुपारकर खुर्चीच्या काठावर आले. त्यांना राहवलं नाही. आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "का? काय झालं?"

"चष्मा नाही लावला त्यांनी," टेलरबाई म्हणाली, जणू समोरच दिसतंय. "वेळ सांगायच्या आधी ते थांबतात. टेबलावर टक् वाजतं, ते चष्मा उचलतात, मग घड्याळ बघतात, मग सांगतात. रोज. आज धाडकन सांगून मोकळे. घड्याळ न बघता वेळ कशी कळली त्यांना?"

दुपारकरांचा हात नकळत सदऱ्याच्या खिशातल्या चष्म्याकडे गेला. समोरचं घड्याळ बघायला रोज आपण चष्मा लावतो, हे त्यांनाच माहीत नव्हतं. रिकाम्या स्टुडिओत घड्याळ बघायची गरज नव्हती, वेळ कागदावर होती.

"जुनं काहीतरी लावलंय," सासरे म्हणाले. "गेला असणार बिचारा. आणि सांगत नाहीयेत. अशी मोठी माणसं गेली, की आधी दाबून ठेवतात."

"गेले नाहीत हो," दुपारकर म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी... मीच तो."

टेलरबाईने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. बघायला फार काही नव्हतं, त्यामुळे लवकर पाहून झालं. सासऱ्यांनी बोटाने कपाट दाखवलं, तिथे गाणं संपून दुपारकर उद्याच्या हवामानाबद्दल बोलत होते.

"तो तिथे बोलतोय," सासरे म्हणाले. "मग तुम्ही कोण?"

आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या माणसावर आज स्वतःचाच आवाज साक्षीदार म्हणून उलटला होता.

"आवाज काढता हुबेहूब," टेलरबाई बटण लावत म्हणाली, पण सूर गार पडला होता. "पण असल्या दिवशी नकला करू नयेत. मागे ते गुरुवारी शुक्रवार म्हणाले, तेव्हाच मला वाटलं होतं, तब्येत बरी नसणार."

"मग फोन का नाही केलात?" हे मात्र दुपारकर आपल्या पूर्ण आवाजात म्हणाले.

"कशाला? वरचे लोक त्यांना बोलतील. इतकी वर्षं दुपार काढून दिली त्यांनी आमची. एखादा वार इकडेतिकडे झाला तर आम्ही घेतो सांभाळून." आणि तिने टेबलावरचा फोन ओढला. "पण आज करते. जिवंत आहेत की नाही, एवढं तरी कळायला पाहिजे."

दुपारकर कोट अंगावर चढवत निघाले ते बटण अर्धवट लोंबत ठेवून. त्या वयात ते धावत नसत; त्या दिवशी धावले. केंद्रात पोचले तेव्हा सकाळबाई दोन्ही कानांना दोन फोन लावून बसल्या होत्या.

"आलात?" त्या म्हणाल्या. "तुम्ही वारलात. मघापासून सांत्वनं घेतेय मी. एकाला तर म्हटलं, माणूस तसा बरा होता. दात काढला का?"

"नंतर सांगतो. बंद करा ते."

चालू गाणं संपलं. सकाळबाईंनी पुढचं बोललेलं काढून टाकलं आणि दुपारकर धापा टाकत माईकसमोर बसले. बोलायच्या आधी त्यांनी खिशातून चष्मा काढला. टेबलावर ठेवला, जरा जोरातच. उचलला, लावला, घड्याळ पाहिलं आणि श्वास लागलेल्या आवाजात वेळ सांगितली. बाहेरच्या खोलीतले फोन एकेक करून थांबले. शेवटचा फोन सकाळबाईंनी घेतला, ऐकला आणि काचेपलीकडून कागदावर लिहून दाखवलं: एक बाई विचारतेय, कोटाचं बटण पुरतं लावून घ्यायला कधी येता?

संध्याकाळी दुपारकर तरंगतच घरी गेले. बायको दारातच होती. हातात काही नव्हतं, विळीसुद्धा नाही.

"कुठे होता दुपारी?"

"कुठे म्हणजे? केंद्रावर. ऐकलं असशील की."

"ऐकलं. आधी तुम्ही तिथे नव्हतात. मागाहून आलात, तेही धापा टाकत. आणि त्याआधी सगळं एका दमात वाचलंत, एकदाही खाकरला नाहीत. इतक्या वर्षांत हवामानाआधी खाकरला नाहीत असं झालेलं नाही." तिची नजर कोटाकडे गेली. "बटण कुणी तोडलं?"

"मीच."

"स्वतःचं बटण स्वतः कोण तोडतं?"

दुपारकरांनी सगळं सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. रोज दुपारी या बाईने स्वयंपाकघरात उभं राहून त्यांचं खाकरणं ऐकलं होतं, आणि आज त्यांना तिने पकडलं होतं ते त्यांच्याच कामावरून. असा संशय त्यांच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदा येत होता. तो इतक्या लवकर संपवायची त्यांना छाती झाली नाही.

"सांगतो," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून आरामात बसले. "पण आधी तू सांग. अजून काय काय ऐकलंस?"