आमची मंडळी काय म्हणाली

दुपारी जेवून डाव्या कुशीवर आडवं झालं की आमचा पंखा भाषण सुरू करतो. वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिण्यापायी मी सांगली जिल्ह्यातली इतकी भाषणं ऐकली आहेत, की भाषण सुरू झालं आणि डोळा लागला नाही असं होत नाही. उजव्या कानातलं यंत्र मी झोपताना काढत नाही. दारावरची बेल ऐकू यायला हवी, असं मुलीला सांगतो. खरं म्हणजे शालन, माझी बायको, गेल्यापासून यंत्र काढलं की घरात काहीच चालू नाही असं वाटतं.

पंखा आज कुठल्याशा योजनेबद्दल बोलतोय. पापण्या जड होतायत, आणि मला हेवा वाटतोय. निवृत्त माणसाला शोभू नये इतका. कुणाचा, ते सांगतो.

मी आयुष्यभर कागदावर लिहिलं. शालन पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होती. घरात संगणक आला तेव्हा ती त्याच्यापुढे बसली, मी बसलो नाही. माझा कागद ती कपडे वाळत घालायच्या निळ्या चिमट्यानं पडद्याच्या कडेला लटकवायची आणि बघून टाइप करायची. मी दारात उभा राहून तिचा चेहरा बघायचो. ती एकदाही हसली नाही. ज्या वाक्यावर उभा जिल्हा लोळायचा, त्या वाक्यापाशी थांबून विचारायची, "अहो, हा स्वल्पविराम आहे, की माशी बसलीय?"

लेख तिच्याच ईमेलवरून संपादकांकडे जायचा, आणि सदराखाली वाचकांसाठी पत्ताही तिच्याच खात्याचा छापला जायचा. वाचक काही लिहितात का, असं विचारलं तर म्हणायची, "लिहितात. मी बघते त्यांचं." मला वाटायचं, पुसून टाकत असेल. दुपारी मात्र संगणकाच्या बंद खोलीतून हसण्याचा आवाज यायचा. एकटीचा.

गेल्या महिन्यात तानाजी शितोळे भेटायला आले. मूळचे विट्याचे, कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान. शालन गेल्याचं त्यांना आत्ता कळलं होतं. हळहळून झाल्यावर चहा घेता घेता म्हणाले, "साहेब, राग मानू नका. सदर तुमचं वाचायचो आमी, न्हाई असं न्हाई. पर खरी मजा तुमच्या उत्तरात. तुमचा ईमेल आला की भट्टी सोडून समदी मोबाइलभवती."

मी कप खाली ठेवला. आयुष्यात मी एकाही वाचकाला उत्तर लिहिलेलं नाही.

"एकदा मी लिवलं, ह्या आठवड्याचं सदर लई पातळ झालंय. त्यावर तुमी काय लिवलंसा! 'शितोळे, तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यावर आमची मंडळी म्हणाली—'"

इथे शितोळे हसायला लागले. "म्हणाली... म्हणाली की..." एवढंच दोनदा म्हणाले आणि ठसका लागला. मी पाणी दिलं, पाठीवर थापटलं. ते डोळे पुसत म्हणाले, "आता तुमाला काय सांगायचं! तुमीच तर लिवलंय."

"हो हो, ते होय!" म्हणत मीही हसलो. तिथेच फसलो. ज्याच्या नावावर विनोद आहे त्यानं तो दुसऱ्याला कसा विचारायचा? बरं, उत्तर शितोळ्यांच्याकडेही नव्हतं. मोबाइल बदलताना सगळं गेलं म्हणाले. मग मी पुण्याला वृषालीला, माझ्या मुलीला, फोन केला. आईचं ईमेल खातं उघडून दे म्हटलं. तिनं तासाभरानं उलट फोन केला.

"बाबा, ते कंपनीनं काढून टाकलंय. बरेच दिवस कुणी उघडलं नाही की काढतात. कायमचं."

"कायमचं म्हणजे? कुठल्यातरी कोपऱ्यात असेल की."

"नाही हो. कायमचं म्हणजे आई जशी..."

तेव्हापासून हा हेवा. शितोळ्यांचा आहे, भट्टीवरच्या पोरांचा आहे, आणि सगळ्यात जास्त त्या माणसाचा, जो माझ्या नावानं लिहायचा आणि माझ्यापेक्षा बरं लिहायचा.

पंख्याचं भाषण संपतं. टाळ्या पडतात. मी हात धुवायला बेसिनपाशी जातो, तर बेसिनच्या जागी खिडकी आहे, बँकेत असते तशी. खिडकीमागे शालन बसली आहे. लिंबाच्या रंगाची सुती साडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"पुढे या," ती वर न बघता म्हणते.

"शालन, अगं मी."

"सगळे असंच म्हणतात. ओळख पटवा."

"नवरा आहे मी तुझा!"

"त्यानं खातं उघडत नाही. प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या घरातलं सगळ्यात विनोदी माणूस कोण?"

हा काय प्रश्न झाला? मी धोतराचा सोगा सावरतो. मी जन्मात धोतर नेसलेलो नाही, पण आत्ता नेसलो आहे. "मी," म्हणतो.

धाडकन शटर खाली येतं. मागे कुणीतरी खुदकन हसतं. वळून बघतो तर रांग थेट जिन्यापर्यंत गेली आहे. सगळे वाचक. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येक जण वाचतोय आणि गालातल्या गालात हसतोय. मी पुढच्याच्या खांद्यावरून डोकावतो, तर तो पडद्यावर तळहात धरतो, परीक्षेत हुशार मुलगा धरतो तसा.

"जरा एवढी एक ओळ बघू द्या हो."

"तुमचंच आहे की," तो म्हणतो. "तुम्हाला कशाला बघायचं?"

मी शटरला तोंड लावून दुसरं उत्तर देऊन बघतो. "शितोळे?"

आतून नाक मुरडल्याचा आवाज येतो. नाक मुरडल्याचा आवाज कसा असतो, ते ज्यांचे संसार झाले आहेत त्यांना सांगायला नको.

"तू," मी हळूच म्हणतो.

"ऐकू आलं नाही."

"तू! तू!"

"मला काय सांगताय? त्यांना सांगा."

शटर वर जातं आणि पलीकडे नाट्यगृह आहे. सत्कार चालू आहे. मी शेवटच्या रांगेत बसलो आहे. व्यासपीठावर हार घालून एक गृहस्थ बसले आहेत. माझा चेहरा, माझं जाकीट, मात्र पाठ ताठ आणि डोक्यावर भरघोस केस. त्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही, तरी पहिल्या रांगा हसून हसून एकमेकांवर पडतायत. माझ्या पोटात भट्टी पेटते, कोइमतूरची.

"कोण हा?"

शालन माझ्या शेजारच्या खुर्चीत भाजक्या शेंगा खातेय. टरफलं माझ्या मांडीवर टाकते, पूर्वी टाकायची तशीच.

"ते होय? तुम्हीच की. म्हणजे मी लिहायचे ते तुम्ही."

"माझ्यापेक्षा बरा दिसतोय."

"केस जरा सढळ हातानं दिलेत मी त्यांना."

"त्यांना? मला 'अहो' आणि त्यालाही 'अहो'?"

"मग काय एकेरी हाक मारू? वाचक काय म्हणतील?"

"आणि तो करतो काय घरी?"

"चहा प्यायला की कप स्वतः विसळून ठेवतात."

"हे कोण खरं मानेल?"

"विनोद म्हणून खपतं," ती शेंग फोडत म्हणते.

व्यासपीठावरचा माणूस तिच्याकडे बघून मान हलवतो. तीही हलवते. एवढ्या गर्दीत त्या दोघांचं काहीतरी चाललंय आणि मी तिकीट काढून बघतोय. मला हे सहन होत नाही.

"दुपारी तू याच्याबरोबर हसायचीस."

"हो."

"माझ्या सदराला कधी हसली नाहीस."

"टाइप करताना हसलं की बोटं चुकतात. आणि तुम्ही दारात उभे, निकाल बघायला आलेल्या पोरासारखे. अशा माणसापुढे कुणाला हसू फुटेल?"

"मग एखादं उत्तर मला दाखवायचंस."

"दाखवलं असतं तर तुम्ही हसला नसतात. पेन उघडलं असतंत."

"मी? छे!" असं म्हणून मी हात झटकतो, आणि बघतो तर माझ्या हातात टोपण काढलेलं पेन आहे.

ती शेंगा खाते.

दिवे जातात. टाळ्या थांबतात. व्यासपीठावरचा माणूस केसांपासून खाली पुसट होत जातो. आधी ते भरघोस केस, मग कपाळ, मग जाकीट. हार तेवढा खुर्चीत उरतो, आणि मग हारही नाही. मला आनंद व्हायला हवा. होत नाही.

"तो गेला," मी म्हणतो. "कायमचा."

"मग? मी नाही का गेले? त्याचं काय एवढं घेऊन बसलात?"

आम्ही आमच्या गच्चीवर आहोत. ऊन आहे, पण पायाला चटका बसत नाही. दोरीवर कपड्यांच्या जागी कागद वाळत घातले आहेत, ओले, कोरे. शालन एकेक चिमटा काढते, कागद झटकते, बादलीत टाकते. कागद संपत आलेत, हे मला दिसतं. ते संपले की ती खाली जाणार, हेही कसं कोण जाणे, मला माहीत आहे.

"शालन, सगळी नको. एकच सांग. त्या शितोळ्यांना काय लिहिलंस? आमची मंडळी काय म्हणाली?"

"आधी पेन टाका."

"टाकतो की."

"बघू. अजून हातातच आहे."

मी पेन कठड्यावरून खाली टाकतो. पडल्याचा आवाज येत नाही. ती शेवटचा निळा चिमटा काढून माझ्या सदऱ्याच्या खिशाला लावते, जिथे पेन असायचं तिथे. मग माझ्या उजव्या बाजूला येते, यंत्राकडे तोंड करते. तिच्या तोंडाला शेंगांचा वास आहे.

"चालू आहे ना हे?"

"चालू आहे."

"मध्ये बोलायचं नाही."

"नाही."

"आणि 'इथे एक शब्द बदलला तर' असं म्हणायचं नाही."

"अगं सांग!"

आणि ती सांगते. पूर्ण सांगते, तिच्या त्या स्वल्पविराम विचारायच्या कोरड्या आवाजात. मी क्षणभर तसाच उभा राहतो. मग पोटातून काहीतरी वर येतं, गुडघे दुमडतात, मी कठडा धरतो, दोरी धरतो, दोरी तुटते. "पुन्हा," म्हणायचा प्रयत्न करतो, जमत नाही. आणि माझ्याकडे बघून तीही हसायला लागते. बादली सोडून, पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. बंद खोलीतून दुपारी यायचा तोच आवाज. फक्त आज मी दाराबाहेर नाही.

मी जागा होतो.

झोपलो डाव्या कुशीवर होतो, आता उताणा आहे. बरगड्या दुखतायत. पंखा फिरतोय, पण भाषण ऐकू येत नाही. बाहेर रिक्षा जाताना दिसते, तिलाही आवाज नाही. मी घाईघाईनं तो विनोद धरायला जातो. 'त्यावर आमची मंडळी म्हणाली', एवढं नीट येतं. त्याच्या पुढे कोरा ओला कागद. शेंगांचा वास आठवतो, तिचा आवाज आठवतो, आवाजात काय होतं ते आठवत नाही. डोळे घट्ट मिटतो. पंखा साधं भाषणसुद्धा सुरू करत नाही.

कानातलं यंत्र काढून बघतो. ओलं आहे. उलटं धरल्यावर त्यातून एक थेंब तळहातावर पडतो. डाव्या कानातही पाणी आहे. माणूस उताणा पडून हसला की डोळ्यांतलं पाणी कुठे जातं, हे मला या वयात कळतंय.

शितोळ्यांचा हेवा आता गेला. त्या भरघोस केसवाल्याचाही गेला. आता वाटतो तो या उशीवर घटकाभरापूर्वी जो माणूस होता त्याचा. त्यानं ते ऐकलं. अख्खं.

यंत्र बंद पडलंय. संध्याकाळी दुकानात न्यावं लागेल. दुकानदार मला ओळखतो, नेहमीसारखा ओरडेल, "काका, यात पाणी कसं गेलं?" मी म्हणेन, बायकोनं विनोद सांगितला. तो साहजिकच विचारेल, कुठला? मग मी त्याला सांगायला लागेन, की आमची मंडळी म्हणाली... म्हणाली की...

आणि तिथे मला हसू आवरणार नाही. पुढचं बसू दे त्याला शोधत.