हसण्यात गेलेले सात महिने

"ओव्हेरियन कॅन्सर, स्टेज थ्री," मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या. ओव्हरी म्हणजे अंडाशय. स्टेज थ्री म्हणजे तिथून उठून पोटात पसरलेला. त्यांनी विचारलं, "त्रास कधीपासून आहे?" शालन, माझी बायको, म्हणाली, "सात महिने." मी फरशीकडं बघत बसलो.

मी सातवी पास. जन्मभर तुर्भ्याच्या मार्केटात गोण्या उचलल्या. लिहायची सवय नाही. ज्याच्या घरात बाई आहे त्यानं वाचावं म्हणून लिहितोय.

सुरुवात अशी झाली. परकराची नाडी तिला पुरेना. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. सारखी लघवीला जायची. म्हणायची, "अहो, पोट फुगल्यासारखं वाटतंय." आणि मी म्हणायचो, "का गं, आज पाहुणे यायचेत काय?"

हे वाक्य माझं नव्हे. आम्ही सानपाड्याला राहायला आलो तेव्हा टीव्हीवर एक विनोदी मालिका लागायची. त्यातली बायको कपाळाला फडकं बांधून कण्हत आली की नवरा पेपर खाली करून हेच विचारायचा. मग हसण्याचा आवाज. हसणारी माणसं दिसायची नाहीत, नुसता आवाज यायचा. सासरचं कोण यायचं असलं की ती आजारी, माहेरचं आलं की टुणकन बरी. दर आठवड्याला तेच. ते वाक्य मी उचललं आणि तीस वर्षं वापरलं. शालन पण हसायची. न हसून करते काय.

आमच्या गल्लीतला डॉक्टर माझ्याच वयाचा. तिसऱ्या खेपेला त्याच्यापुढं पण मी तेच बोललो. तो खो खो हसला. त्याला ती मालिका पाठ. म्हणाला, "वहिनींना गॅस झालाय. या वयात बायकांचं सगळं दुखणं मनात असतं." पोटाला हातसुद्धा लावला नाही. गोळ्या लिहिल्या.

पोट मडक्यासारखं झालं तेव्हा मुलगी खारघरहून आली आणि आईला घेऊन गेली. सोनोग्राफी केली, म्हणजे पोटाच्या आतला फोटो. मग सीटी स्कॅन, आणखी बारीक फोटो. असायटिस निघालं, म्हणजे पोटात पाणी. सुई घालून पाणी काढलं तेव्हा बादलीकडं मला बघवेना.

तीन केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो. केमोच्या वॉर्डाबाहेर तासन् तास बसायचं. तिथं टीव्ही होता. एक दिवस तीच जुनी मालिका लागली. फडकं बांधून बायको आली, हसण्याचा आवाज झाला, बाकड्यावरची दोन-तीन माणसं पण हसली. शालनच्या डोक्यावर केस नव्हते, स्कार्फ होता. ती म्हणाली, "अहो, हिला कुणी एकदा तरी डॉक्टरकडं नेलंवतं का?"

मी आठवून बघितलं. एकाही भागात नेलं नव्हतं.

"खरंच दुखत असंल तिचं," ती म्हणाली.

पाचव्या केमोनंतर ती गेली.

मालिका लिहिणाऱ्याला एकट्याला मी दोषी धरत नाही. त्यानं आमच्याच घरांत बघून लिहिलं. तेव्हा बाईचं दुखणं म्हणजे कामचुकारपणा असंच सगळे समजायचो. त्यानं आमचं उचललं, आम्ही त्याचं. पण माफ कुणालाच केलेलं नाही. त्याला नाही, डॉक्टरला नाही, मला तर नाहीच.

तेराव्यानंतर मी डॉक्टरकडं गेलो. तो म्हणाला, "नशीब, दुसरं काय." तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याच्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसतो. कुठली बाई पोट धरून आली की तिच्या नवऱ्याला सांगतो, "माझी बायको इथंच गॅस म्हणून मेली. फोटो लिहून घेतल्याशिवाय उठू नको." तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आला. "अहो, पेशंट घाबरतात."

"घाबरू देत," मी म्हटलं. "तू पण घाबर."

गेल्या महिन्यात एक जोडपं आलं. नवरा म्हणाला, "काका, हिला सवयच आहे कुरकुर करायची." मी त्याला शालनचं सगळं सांगितलं, नाडीपासून. त्यानं सोनोग्राफी लिहून घेतली. चार दिवसांनी कागद नाचवत भांडायला आला. "काहीच निघालं नाही. फुकटचं टेन्शन दिलंत ना आम्हाला."

"मग पेढे वाट की. भांडतोस कशाला?"

मागून त्याची बायको म्हणाली, "भांडू द्या त्यांना, काका. मी चार महिने मरणाला भीत होते. आज पोटभर जेवले."

बायांनो, पोट फुगलेलंच राहिलं, दोन घासांत भरलं, लघवी सारखी लागली आणि हे पंधरा दिवस रोज चाललं, तर कुणी हसलं तरी तपासून घ्या.

परवा डॉक्टरनं बाकडं काढून टाकलं. मी घरून स्टूल नेतो.