शेतीला एवढं सिमेंट कशाला?

मला लिहिता येत नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आपण काही लिहावं आणि ते लोकांनी वाचावं, असं आमच्याकडे कुणाला कधी वाटलं नाही, मलाही नाही. तरी लिहायला बसलो आहे – त्याबद्दल माफ करा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, बायकोलाही नाही. तुमची ओळख नाही म्हणून तुम्हाला सांगता येतंय का? असेलही.

त्याचं खरं नाव लिहीत नाही. फरहाद म्हणू. त्याच्या देशाचंही नाव लिहिणार नाही. तुम्ही ओळखाल तर ओळखा, पण माझ्या तोंडून ते एकदा निघालं तेवढं पुरे झालं. त्या काळात पेपरात सारखं त्या देशाबद्दल असायचं. डोंगराखाली काहीतरी चाललंय, ते विजेसाठी की अणुबॉम्बसाठी, बॉम्ब करणार नाही अशा करारावर सही केली आहे तर निरीक्षकांना आत का सोडत नाहीत – असं. पुण्यात त्या देशाची बरीच मुलं शिकायला होती. आमच्या लॉच्या वर्गात मात्र तो एकटाच.

आमची मैत्री झाली, कारण दोघांचंही इंग्रजी कच्चं होतं. मागच्या बाकावर बसून आम्ही एकमेकांच्या चुका झाकायचो. मराठी तो दुकानांतून शिकला होता. ‘चालेल’ हा त्याचा लाडका शब्द. बस चुकली? चालेल. भाजी तिखट झाली? डोळ्यांत पाणी, पण चालेल. बिबवेवाडीला आमच्या दोन खोल्यांत तो जेवायला यायचा. आई त्याला बाळा म्हणायची आणि भाकरी माझ्याआधी त्याच्या ताटात टाकायची.

बाबा सिमेंटच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. हिंजवडीत तेव्हा उसाच्या जागी काचेच्या इमारती उठत होत्या, आणि बाबांच्या खेपा संपत नव्हत्या. एका रविवारी जेवताना ते म्हणाले, “आयला, कॉम्प्युटर तो केवढा! त्याला एवढं सिमेंट कशाला लागतं?”

मी फरहादला समजावून सांगितलं, तर त्याला हसून हसून ठसका लागला. त्याचे वडीलही सिमेंटचीच गाडी चालवत होते – हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. त्यांच्या गावापलीकडे डोंगरात सरकारचं शेती संशोधन केंद्र बांधलं जात होतं, आणि त्याचे वडील घरी येऊन म्हणायचे, शेतीला एवढं सिमेंट कशाला? बाबांनी त्याला जेवत्या हाताने टाळी दिली. दोन देशांतले दोन ड्रायव्हर, आणि विनोद एकच.

मग त्याने दाराकडे पाहिलं. आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं. “काका, हे बाहेर नको,” म्हणाला.

“आपल्या घरातलं बोलणं उंबऱ्याच्या आत राहतं रे,” बाबा म्हणाले. “जेव तू.”

शब्द बाबांनी दिला. ऐकत मी बसलो होतो.

पुढे कॉलेजात अभिरूप न्यायालयाची स्पर्धा झाली. म्हणजे खटला लटका, पण काळा कोट खरा. कागदावर देशाला काल्पनिक नाव होतं, सगळ्यांना खरं ठाऊक होतं. चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझ्या वाट्याला तक्रार करणारी बाजू आली – तो देश करार मोडतो आहे, हे मला सिद्ध करायचं होतं. फरहादला वाईट वाटेल, असं मला वाटलं होतं. पण तो आमच्या घरी फरशीवर बसून माझा युक्तिवाद पुन्हा पुन्हा ऐकायचा. गावांचे उच्चार सुधारायचा. घाबरू नको, हळू बोल, म्हणायचा. स्वतःच्या देशाविरुद्ध मला तयार करत होता तो – का? मित्र जिंकावा म्हणून. दुसरं काही कारण मला सापडलेलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. इतर कॉलेजांतली त्याच्या देशाची मुलंही आली होती, आणि त्यांच्यात वयाने मोठा असा एक जण होता, ज्याला पाहिलं की फरहाद रस्ता बदलायचा – मुलांचं बोलणं तो त्यांच्या सरकारला कळवतो, असं म्हणायचे. मला हे माहीत होतं. ‘मला कल्पना नव्हती’ असं मी म्हणू शकत नाही.

मी कराराची कलमं सांगितली, डोंगरातलं शेती संशोधन केंद्र हा नुसता देखावा आहे म्हणालो. परीक्षक एक नावाजलेले वकील होते. चष्म्यावरून पाहत म्हणाले, “ते केंद्र शेतीचं नाही, हे तुम्हाला कुठून कळलं?”

मी वर्तमानपत्रांची नावं घेतली.

“मग न्यायालयात कशाला आलात? रद्दीवाल्याकडे जायचं.”

सगळे हसले. तुमच्यावर कधी सभागृह हसलंय का? माझे कान तापले. आणि मी म्हणालो – थांबून, चांगलं हळू, जसं फरहादने शिकवलं होतं तसं – माझ्या वर्गमित्राचे वडील त्या डोंगरात सिमेंट वाहतात. मग देशाचं नाव घेतलं, खरं नाव. आणि म्हणालो, ते स्वतः घरी विचारतात, शेतीला एवढं सिमेंट कशाला?

हसणं थांबलं. परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं. उत्कृष्ट वक्त्याचा चषक मला मिळाला.

पण कबुली द्यायची आहे ती याची नाही. याची द्यायला मला एवढी वर्षं लागली नसती. भीतीने तोंडून गेलं, असं म्हणता आलं असतं. खरं ते पुढे आहे.

बाहेर व्हरांड्यात चहा होता. परीक्षक माझ्याशी बोलत होते, ऑफिसात येऊन भेट म्हणत होते. आमच्या सरांचा हात माझ्या खांद्यावर होता – आयुष्यात पहिल्यांदा. तेवढ्यात ती मुलं फरहादला घेऊन आली. तो मोठा माणूस पुढे होता. फरहादचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्थिर होता. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा, तो मला म्हणाला, “यांना सांग, तू हे बक्षिसासाठी रचलंस.”

कळलं ना तुम्हाला? मलाही कळलं, त्याच क्षणी. एवढंच म्हणायचं होतं – हो, रचलं, खोटं बोललो. त्याचे वडील वाचले असते. माझं काय गेलं असतं? चषक. सरांचा हात. ते परीक्षकांचं बोलावणं. बिबवेवाडीतून आलेला पोरगा शेवटी खोटारडाच निघाला, असं ते म्हणाले असते.

मी म्हणालो, “मी खोटं बोललो नाही.”

आणि ते खरंच होतं. माझा गुन्हा हा आहे, की मी खरं बोललो.

फरहादने माझ्याकडे पाहिलं. “चालेल,” म्हणाला – मराठीत.

थोड्याच दिवसांत त्याला घरून आईचा फोन आला. वडिलांना चौकशीला नेलं होतं. तो घरी गेला, आणि परत आला नाही. त्याने खोली बदलली, असं मी आईला सांगितलं. हे मात्र खोटं बोललो, आणि किती सहज. तो चषक आई दर दिवाळीला चिंचेने घासते. बाबा अजून कधीतरी विचारतात, तो तुझा चालेलवाला काय करतो रे?

मी वकिली केली नाही. हिंजवडीत एका कंपनीत करार तपासतो. त्या देशाचा तंटा वाढला, निर्बंध आले, वाटाघाटी झाल्या. सगळं वाचत आलो. निरीक्षकांनी कुठे जावं, काय मोजावं, यावर पानंच्या पानं आहेत. जो ड्रायव्हर घरी एक विनोद करतो, त्याचं काय, यावर एक ओळ नाही. मी शोधली.

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात त्या देशातला एक जण आला, आणि निघाला त्याच गावचा. कँटीनमध्ये मी विषय काढला, सहज काढल्यासारखा. गाव लहान, त्याला सगळं माहीत होतं. फरहाद आता वडिलांची गाडी चालवतो. कुणी विचारलं तर तो आजही सांगतो, की बाबा असं कधी बोललेच नव्हते, पुण्यातल्या एका मुलाने बक्षिसासाठी रचलं होतं. गावाचा यावर पूर्ण विश्वास आहे. मी जे एकदा म्हणालो नाही, ते तो इतकी वर्षं म्हणतो आहे.

“पुण्याचाच होता म्हणे तो मुलगा,” हा म्हणाला. “ओळखतोस का?”

मी मान हलवली. नाही.

मग वडिलांचं विचारलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला. नेल्यावर ते परत आलेच नाहीत, म्हणाला. पुढच्या हिवाळ्यात घरी कळवलं, की ते वारले. कुठे पुरलं, ते अजून कळवलेलं नाही.