पुली लहान करायला कोणी सांगितलं?

गाडीवेड्या मंडळींनो, आजचंच सांगते.

आमच्या रेस कारच्या वॉटर पंपाची पुली आणायला वागळे इस्टेटला लेथवाल्या काकांकडे गेलेले. माझ्या ड्रॉइंगमध्ये व्यास १३० मिलिमीटर. व्हर्नियर लावून मोजलं, तर ११०!

"काका, हे काय?"

"अगं, तुमच्याच टीममधल्या पोराचा फोन आलेला. म्हणाला, मॅडम चुकल्यात, लहान करा, एकशे दहाची. पंप जोरात फिरेल, इंजिन गार राहील."

"नाव काय सांगितलं?"

"नाव कोण विचारतंय? गाडीचं सगळं माहीत होतं त्याला."

लहान पुलीने पंप जोरात फिरतो, हे खरं. पण शर्यतीच्या वेगात तो पाणी ढकलण्याऐवजी बुडबुडेच करतो आणि इंजिन तापतं. म्हणून तर मी मोठी पुली निवडली होती. रविवारच्या शर्यतीत इंजिन गेलं असतं आणि खापर माझ्या ड्रॉइंगवर फुटलं असतं.

संध्याकाळी डोंबिवलीच्या गॅरेजमध्ये टीमला एवढंच सांगितलं, "पुली चुकीची आलीय. काकांना फोन कोणी केलेला?"

चौघेही म्हणाले, "मी नाही."

मग एकजण हळूच म्हणाला, "पण एकशे दहा काय वाईट आहे?"

आकडा मी सांगितलाच नव्हता.

आता तुम्हीच सांगा, रविवारी त्याला बॉनेट उघडू द्यावं का?